डुकरासाठी एक, सशासाठी दुसरी: दोन बंदुका बरोबर नेता येतील का?

पत्र: मी मुलुंडला राहतो. गाव संगमेश्वर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. भात आणि नाचणी तयार झाली की रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत लोळवून जातो. माझ्या नावावर दोन हत्यारं आहेत: आजोबांकडून आलेली बारा बोअरची दुनाळी आणि वरळीच्या रेंजवर सरावासाठी घेतलेली पॉइंट टू टू रायफल. गावी वडिलांकडे (वय ७४) वीस बोअरची बंदूक आहे. ती आता माझ्या नावावर करायची असं ते म्हणतात. टेक्सासमधला मेव्हणा सांगतो, तिकडे ज्या जनावराला जी बंदूक लागते ती नेतात. मग मीही डुकरासाठी दुनाळी आणि ससा-रानकोंबड्यासाठी रायफल अशा दोन्ही रात्री शेतावर नेल्या तर चालतील ना? सोबत गडी असेल, एक बंदूक तो धरेल. तिसरी घेण्यात काही अडचण?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: ससा आणि रानकोंबडा आधी यादीतून काढून टाका. बंदूक कोणतीही असो, त्या दोघांसाठी तुम्हाला परवानगी मिळणार नाही. ते गेले की रायफल नेण्याचं कारणही जातं आणि प्रश्न एका बंदुकीवर येतो. तीसुद्धा लगेच उचलायची नाही, पण तिच्याबद्दल निदान बोलता तरी येतं.

तुमच्या पत्रात दोन कायदे एकमेकांत मिसळले आहेत, आणि ही गल्लत बहुतेक परवानाधारक करतात. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे मिळालेला परवाना हत्यार जवळ बाळगण्याचा असतो. त्या हत्याराने कशावर गोळी झाडायची हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ठरवतो. त्याचं कलम ९ अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, वन्य प्राण्यांच्या शिकारीला सरळ मनाई करतं. ससा, भेकर, तितर, रानकोंबडा, मोर, रानडुक्कर, सगळे अनुसूचीत आहेत. शिकारीची व्याख्याही तुम्हाला वाटते त्यापेक्षा रुंद आहे. मारणं तर त्यात आलंच, पण फासकी लावणं, विष घालणं, हाका करून जनावर उठवणं, आमिष ठेवणं, जखमी करणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा घडलेला असतो.

आजोबांच्या काळातल्या गोष्टी ऐकून गोंधळ होतो तो वेगळ्या कारणाने. १९७२ च्या मूळ कायद्यात मोठी शिकार, छोटी शिकार असे शिकारीच्या परवान्यांचे वर्ग होते आणि त्यांच्याबरोबर हत्यारांच्या अटीही होत्या. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवानेच बंद झाले. ‘या जनावराला ही बंदूक’ असा हिशेब आपल्याकडे तेव्हापासून संपला.

उरतं रानडुक्कर. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये आहे. कलम ११(१)(ख) प्रमाणे अनुसूची दोनमधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. उभं पीक हीही मालमत्ताच, असं कलमातच लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरते हे अधिकार खालच्या वन अधिकाऱ्यांपर्यंत आलेले आहेत, त्यामुळे तुमचं काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात सुरू होतं. नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत.

अर्ज जमीन ज्याच्या नावावर आहे त्याने करायचा. तुमच्या बाबतीत बहुधा वडिलांनी. सातबारा, गट नंबर, पीक, किती गुंठ्यांत नुकसान झालं, कोणत्या तारखांना, आणि खुरांचे ठसे, उकरलेली जमीन, लोळवलेलं भात यांचे उजेडात काढलेले फोटो जोडा. वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्या. त्याच पंचनाम्यावर नुकसानभरपाईचाही अर्ज करता येतो, आणि तो ताबडतोब करायचा, कापणी झाल्यावर कोणी येऊन बघत नाही. मारण्याची परवानगी मागत असाल तर अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहा: बंदूक कोण चालवणार (पूर्ण नाव, परवाना क्रमांक) आणि कोणती (बोअर, हत्याराचा क्रमांक). अर्ज तिथे अडकतो, कारण लोक ‘आम्हाला डुकरं मारू द्यावीत’ एवढंच लिहितात. परवानगी हातात आली की ती शब्दन् शब्द वाचा: क्षेत्र कोणतं, मुदत किती, पिल्लं असलेल्या मादीबद्दल अट आहे का, मेलेल्या जनावराची खबर कोणाला आणि किती वेळात द्यायची. शेजारच्या गटात शिरलेलं डुक्कर तुमच्या परवानगीत बसत नाही. आणि त्याच रात्री समोर भेकर आलं तर कागद खिशात असूनही तुम्ही शिकारी ठरता.

आता बंदुकांची मोजणी. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली आणि जादा हत्यारं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला तेव्हा एक वर्ष दिलं होतं. वारसाने किंवा घराण्यातून आलेल्या हत्यारालाही हीच मर्यादा, हे कायद्याने वेगळं सांगितलेलं आहे. त्यामुळे ‘ती तर घरचीच आहे’ या सबबीला अर्थ उरत नाही.

मग तुमच्याकडे किती? इथे एक बारीक मुद्दा आहे. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सभासद नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू वापरत असेल, तर या मर्यादेचं पोटकलम त्याला लागू होत नाही. हे वाचून काही जण म्हणतात, माझी रायफल मोजणीत नाही, म्हणजे आणखी दोन बंदुका घेता येतील. युक्तिवाद चालेलही, पण ही सूट निशाणाच्या सरावाशी बांधलेली आहे. ती रायफल डुकरासाठी शेतावर गेली की सरावाचा आधार जातो, दोनची मर्यादा परत येते आणि तिसरी बंदूक बेकायदा ठरण्याचा धोका उभा राहतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या उल्लंघनाला शिक्षा किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत, शिवाय दंड. या फटीत उभं राहून वडिलांची बंदूक नावावर करून घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वडिलांच्या बंदुकीला सोपा मार्ग आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा त्याने हत्यार २५ वर्षं बाळगलं, की हयातीतच तो कायदेशीर वारसाला नामनिर्देशित करू शकतो. तुम्हाला भाऊ किंवा बहीण असेल आणि त्यांच्या नावावर दोन हत्यारं नसतील, तर त्यांनी अर्ज करावा. नव्या माणसाचा अर्ज म्हणजे पोलीस चौकशी आणि हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण आलंच, तेव्हा काही महिने गृहीत धरा. घरात कोणालाच नको असेल, तर विक्रेत्याकडे विकून परवान्यावरून नोंद कमी करून घ्या. वडिलांच्या पश्चात ही धावपळ सुरू झाली तर बंदूक मधल्या काळात कोणाच्याच नावावर नसते, आणि ज्याच्या घरात ती सापडते तो अडकतो.

गड्याच्या हातात बंदूक देण्याबद्दल. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या परंतुकाप्रमाणे परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने हत्यार नेऊ शकतो, पण कारणं तीनच: दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा खुद्द परवानाधारकाने वापरावं म्हणून. म्हणजे गडी तुमच्याबरोबर चालताना तुमच्यासाठी बंदूक धरू शकतो. तुम्ही माचावर आणि तो पलीकडच्या बांधावर ‘तिकडून आलं तर टाक’ या सूचनेसह बसला, तर त्याने विनापरवाना हत्यार बाळगलं आणि तुम्ही ते दिलं. हेच तुम्हाला आणि वडिलांनाही लागू आहे. त्यांची वीस बोअर तुम्ही त्यांच्यासाठी उचलून नेऊ शकता, स्वतः चालवू शकत नाही.

रायफल घरीच ठेवा याला तांत्रिक कारणंही आहेत. पॉइंट टू टूच्या साध्या गोळीची ताकद नळीतून सुटताना जेमतेम दीडशे ते दोनशे जूल असते. पूर्ण वाढलेल्या डुकराच्या खांद्यावरची कातडी आणि चरबी ओलांडून ती नीट आत जात नाही. जनावर जखमी होऊन रानात शिरतं आणि सकाळी लाकडं आणायला गेलेल्या बाईसमोर येतं. उलट तीच गोळी मोकळ्या हवेत दीड मैल, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटर जाऊ शकते. काडतुसांच्या डब्यांवर तसा इशारा छापलेला असतो. कातळावर, जांभ्याच्या गडग्यावर ती उडते. कोकणात अडीच किलोमीटरच्या आत किती वाड्या असतात ते तुम्ही जाणताच.

छऱ्याच्या एअरगनचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, हे खरं. पण तिने रानकोंबडा मारला तरी कलम ९ तेच.

दुनाळीकडे मात्र नीट लक्ष द्या. आजोबांची बंदूक म्हणजे तिची कोठी, काडतूस बसतं तो भाग, ६५ मिलिमीटरची असण्याची बरीच शक्यता. आज दुकानात मिळणारी बरीचशी काडतुसं ७० मिलिमीटरची. डब्यावरचा आकडा काडतूस उडाल्यानंतरच्या लांबीचा असतो, म्हणून न उडालेलं ७० चं काडतूस ६५ च्या कोठीत आरामात बसतं आणि माणूस फसतो. चाप ओढल्यावर काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडतं, पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एकदा-दोनदा काही होत नाही, मग बिजागरी सैल होते, पुढे नळी फुटण्यापर्यंत जातं. नळी उतरवून तिच्या खालच्या सपाट भागावर ‘६५’ किंवा ‘अडीच इंच’ असा ठसा आहे का पाहा. ठसा नसेल किंवा वाचता येत नसेल, तर परवानाधारक बंदूक कारागिराकडून मोजून घ्या. नळीच्या पोलादावर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती जुन्या धाटणीची दमास्कस नळी. तिच्यातून आजच्या दारूचं काडतूस उडवू नका. भिंतीवर शोभते ती.

आणि घरात बारा आणि वीस अशा दोन्ही बोअरच्या बंदुका आहेत, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. विचारायचं मात्र नेमकं तेच राहिलं. बोअरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक, म्हणून वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या कोठीत टाकलं तर ते बसत नाही, पण बाहेरही पडत नाही. घसरून पुढे जातं आणि बुडाच्या कडेमुळे नळीच्या सुरुवातीला अडकतं. अंधारात माणसाला वाटतं भरायचं राहिलं. तो मागून बारा बोअरचं काडतूस टाकतो आणि चाप ओढतो. स्फोट होतो तो नळी धरलेल्या डाव्या हाताच्या जवळ. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत पडली. पण जुनी काडतुसं पिवळी असतीलच असं नाही, आणि डोक्यावरच्या बॅटरीच्या उजेडात रंग ओळखू येत नाहीत. उपाय एकच: एका वेळी एका माणसाजवळ एकाच बोअरची काडतुसं. वडिलांचं जाकीट घालून शेतावर जात असाल तर निघण्याआधी सगळे खिसे उलटे करून बघा.

डुकराला एसजी किंवा एलजी हे मोठे छरे चालतात, पण टप्पा २५-३० मीटरच्या आत ठेवा, त्यापुढे छरे पांगतात. जुन्या दुनाळीची डावी नळी सहसा तोंडाशी आवळलेली, फुल चोक असते. त्यातून अखंड गोळीचं काडतूस उडवायचं तर आधी कारागिराला विचारा. माचावरून खाली मारा, म्हणजे चुकलेला छरा चिखलात जातो. खाचरातून चालताना नळीच्या तोंडात चिखल गेला तर ती फुटू शकते, म्हणून बसण्याआधी बंदूक बिजागरीतून उघडून मागून नळीत पाहा. जखमी डुक्कर रात्री शोधायला जाऊ नका. वनरक्षकाला फोन करा आणि उजाडू द्या.

प्रवासाचं. परवान्यावर क्षेत्र कोणतं लिहिलंय ते आधी पाहा. परवाना मुंबई पोलीस आयुक्तांनी दिलेला असेल आणि वैधता फक्त मुंबईपुरती असेल, तर रत्नागिरीत तो कागद उपयोगाचा नाही, आधी क्षेत्र वाढवून घ्या. दुनाळी सुटी करून, म्हणजे नळी, कुंदा आणि पुढचं लाकूड वेगळं करून, बंद पिशवीत ठेवा. सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी. काडतुसं वेगळ्या कुलूपबंद डब्यात. परवाना मूळ प्रत, झेरॉक्स नव्हे. चहाला थांबलात तर एक जण गाडीतच.

रस्ता निवडतानाही विचार करा. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलच्या पुढे कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जातो. महामार्गावरून जाणाऱ्याला अभयारण्यात प्रवेशाची सूट वन्यजीव अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे, पण लेखी परवानगीशिवाय हत्यारासह प्रवेश नको म्हणणाऱ्या कलम ३१ मध्ये तशी सूट लिहिलेली नाही. रोज शेकडो गाड्या जातात आणि कोणी बंदूक शोधत बसत नाही, हे मान्य. तरीही द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पालीवरून वाकणला महामार्गाला लागलात तर हा वादच टळतो. निघण्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश मुंबईत किंवा रत्नागिरी जिल्ह्यात चालू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारा. सणासुदीला असे आदेश हमखास निघतात आणि त्यात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी असते. निवडणूक जाहीर झाली असेल तर हत्यार जमा करण्याची नोटीस आली आहे का तेही बघा.

मुलुंडबद्दल एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसावी. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नाव नोंदवायचं असतं (कलम ३४), आणि राष्ट्रीय उद्यानालाही हे लागू आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तुमच्या घरामागेच आहे. त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते, त्यामुळे मुलुंडच्या पत्त्यावर भावंडाचा अर्ज रेंगाळू शकतो. संगमेश्वरच्या घाटपायथ्याची काही गावंही चांदोली राष्ट्रीय उद्यानापासून दहा किलोमीटरच्या आत येतात. तुमचं गाव त्यात आहे का हे वन खात्याच्या नकाशावरून तपासून घ्या.

मेव्हण्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. टेक्सासमधली रानडुकरं बाहेरून आलेली आणि माजलेली. त्यांना बंद हंगामच नाही. पण त्यालाही मोकळं रान नाही. अमेरिकेत बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी संघराज्याचा नियम आहे: शॉटगन दहा गेजहून (गेज म्हणजे आपला बोअर) मोठी नको आणि तिच्यात एकूण तीनच काडतुसं मावतील असा अडसर हवा. पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे आणि बदकं मारताना शिशाची काडतुसं नुसती खिशात असणंही गुन्हा ठरतं. दुसऱ्या शिकारीची काडतुसं काढायची राहिली म्हणून दंड, हे तिकडेही होतं.

शेवटी मटणाचं, कारण गावात खरा प्रश्न तोच असतो. परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता. त्याला हात लावायचा नाही, खबर द्यायची, पंचनामा होऊ द्यायचा आणि वन कर्मचारी सांगतील तसं पुरायचं किंवा जाळायचं. वाटे पडले तर परवानगीने केलेलं काम गुन्ह्यात बदलतं. गाडी आणि बंदूक जप्त होते, आणि दोषी ठरलात तर न्यायालय तुमचा शस्त्र परवाना रद्द करून पाच वर्षं नवीन मिळू नये असा आदेश देऊ शकतं. गड्याला आणि भावकीला हे माचावर चढण्याआधीच सांगून ठेवा. डुक्कर पडल्यावर कोयते बाहेर आले की तुमचं कोणी ऐकणार नाही.